इम्पालाची पाच इंजिनं

इंजिनिअर माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणू नये, त्याला पर्याय द्यावेत. हे शहाणपण यशोधनला मे महिन्यात सुचलं आणि तो स्वतःवर इतका खूश झाला, की टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून लगेच आईला फोन लावून म्हणाला, "आई, बाबांना गाडी चालवू नका असं सांगायचंच नाही. फक्त विचारायचं, बाबा, इंजिन कुठलं बसवायचं? बस. ते वर्षभर विचार करत बसतील."

आणि झालंही तसंच. मे गेला, पावसाळी जून गेला, बघता बघता ऑक्टोबर उजाडला, तरी आईवडिलांच्या बॉथेलच्या घरात सदुसष्ट सालची निळी इम्पाला इंजिनाविना उभी होती आणि त्र्यंबकराव दर रविवारी मुलाशी फोनवर इंजिनांची चर्चा करत होते. सत्तर वर्षांचा माणूस, चार दशकं अमेरिकेत काढलेला, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. असा माणूस पोराच्या थापेला सरळ फसतो, याचं कुणाला नवल वाटायला हवं होतं. पण सोयीच्या गोष्टीचं नवल कोण करतं?

गाडी बंद ठेवायचं कारण तसं साधंच होतं. मार्चमध्ये त्यांनी शेजाऱ्याची टपालपेटी पाडली, एप्रिलमध्ये स्वतःच्याच गराजच्या दाराला धडक दिली. किल्ल्या काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. गाडी बिघडवून ठेवावी म्हटलं, पण डिस्ट्रिब्युटरसारखा एखादाच भाग काढला असता, तर त्र्यंबकरावांनी चहा थंड व्हायच्या आत परत बसवला असता. म्हणून अख्खं इंजिनच उतरवलं. ‘धूर येतोय बाबा, रिबिल्ड करावं लागेल,’ असं सांगून यशोधननं ते मामाच्या, म्हणजे मालिनीबाईंच्या धाकट्या भावाच्या, चंद्रशेखरच्या गराजमध्ये नेऊन ठेवलं. इंजिन ठणठणीत होतं. त्याला चादर पांघरली आणि सगळ्यांनी हात झटकले.

या कटाला पहिला होकार मालिनीबाईंचा होता. शेजारच्या सीटवर त्या बसत होत्या ना! जीव मुठीत धरून किराणा आणायचा म्हणजे काय, हे त्यांनाच ठाऊक. दुसरी छोटी गाडी दोन वर्षांपूर्वी विकून टाकली होती, निवृत्त माणसांना दोन गाड्या कशाला म्हणून. तेव्हापासून इम्पाला, आणि इम्पाला गेल्यापासून चंद्रशेखर, शनिवारी सकाळी, त्याला वेळ असेल तर.

यंदाचा दसरा रविवारी आला. यशोधन आणि स्वानंदी दोन दिवस आधीच टेक्सासहून आले होते. स्वयंपाकघरात मालिनीबाई चाळणीतून चक्का घासत होत्या आणि स्वानंदी पुऱ्यांची कणीक मळत होती. स्वानंदी मूळ पुण्याची. इथे शिकायला आली, यशोधन भेटला आणि राहिली. स्वभावानं इतकी सरळ, की मालिनीबाईंना कधी कधी तिची धास्तीच वाटायची.

"आई, तिकडे ना, ओट्यावरचं पहिलं कपाट मी तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय," ती म्हणाली. "तुमचा हात पोचेल असं. स्टूल नको नि काही नको."

"तिकडे म्हणजे कुठे गं?"

"फ्रिस्कोला." स्वानंदीचे हात परातीत थांबले. "यश बोललाय ना तुमच्याशी?"

"काय बोलायचंय त्याला?"

स्वानंदीनं दाराकडे पाहिलं, मग सासूकडे. तिच्या तोंडून खोटं निघेना. "खालची बेडरूम तुम्हा दोघांना केलीय. रंगसुद्धा देऊन झाला. मला वाटलं तुम्ही हो म्हणालात. उद्या सकाळी ती रिअल इस्टेटवाली येणारे ना, घर बघायला..."

"कुणाचं घर?"

"हे," स्वानंदी अगदी हळू म्हणाली.

मालिनीबाईंनी चाळणी बाजूला ठेवली. हात धुतले, पुसले, परत धुतले. पंचवीस वर्षं या घरात गेली. खाली तळघरात दर शनिवारी दुपारी पोरांचा मराठीचा वर्ग भरायचा, सकाळी दोन घरं पलीकडच्या कांचनबरोबर नदीकाठच्या वाटेवर फिरणं व्हायचं. फ्रिस्कोला त्यांचं कोण होतं? एक मुलगा, तो दिवसभर ऑफिसात. आणि एक रंगवलेली खोली.

आणि हे सगळं आपल्याच हातानं झालं, हे लख्खकन त्यांच्या ध्यानात आलं. आधी गाडी काढून घ्यायची. मग म्हणायचं, आई, तुम्ही दोघं इथे गाडीशिवाय राहणार कसे? वा रे पोरा! आणि मी मूर्खासारखी पहिली मान हलवली. त्यांना इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आई, मी यशला सांगते, कॅन्सल कर म्हणून," स्वानंदी म्हणाली. "हे असं नाही करायचं. मला खरंच माहीत नव्हतं."

"तू पुऱ्या लाट," मालिनीबाई म्हणाल्या. "त्याच्याशी मी बोलते."

तिकडे गराजमध्ये यशोधनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो वडिलांसमोर उलट्या बादलीवर बसला होता आणि जेवणानंतर विषय कसा काढायचा, याची मनात जुळवाजुळव करत होता. त्र्यंबकराव पांढरा कुर्ता घालून घडीच्या खुर्चीत बसले होते. सकाळपासून त्यांनी गराज झाडून काढलं होतं आणि गाडी धुऊन पुसून आरशासारखी केली होती. यंदा इम्पालाची साग्रसंगीत पूजा करायची, हे त्यांनी परवाच जाहीर केलं होतं.

"३२७ इंजिनाचा मी फेरविचार केलाय," ते म्हणाले.

"बाबा! लास्ट संडेला तुम्ही ते फायनल केलं होतं."

"केलं होतं. पण पावणेतीनशे हॉर्सपॉवर घेऊन या वयात मी जाणार कुठे?"

"ओके. मग जुनं २८३च परत बसवू?"

"ते थकलं असं तूच म्हणालास ना?"

"हो. म्हणजे, थकलंय. मग ३९६?"

"नाक जड होतं गाडीचं. मग पुढच्या स्प्रिंगा बदला, रेडिएटर बदला. घोडं घेतलं म्हणून तबेला बांधायचा का?"

"४२७, देन."

"मला मारायला निघालायस का रे?"

"मग सिक्स सिलिंडर बसवा ना. हळू जाईल, सेफ राहील. टेक्निकली तोपण ऑप्शन होता त्या वर्षी."

"होता, पण हिला नाही. चेसिस नंबर बघ. पहिले तीन आकडे एक, सहा, चार. शेवटी तीन असता तर सहा सिलिंडरची. चार म्हणजे आठ सिलिंडरची म्हणूनच कारखान्यातून निघाली." त्र्यंबकरावांचा चेहरा खुलला होता. "गंमत बघ, आठ सिलिंडर एवढंच तो नंबर सांगतो. आठातलं कुठलं, ते सांगत नाही. ते आपण ठरवायचं."

यशोधनला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी बाबा त्याच्याशी दोनच गोष्टी बोलायचे, गणित आणि गणितातले मार्क. आणि आता छत्तिसाव्या वर्षी दर रविवारी त्याला बाबा भेटत होते. खोट्या इंजिनाच्या निमित्तानं का होईना! डॅलसच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की तो रविवारी काय विचारायचं ते ठरवून ठेवायचा. हे सगळं आज दुपारी संपणार होतं. पण आणखी किती दिवस ताणणार? माणूस कुणाला तरी गाडीखाली घेईल, मग? आपण करतोय ते बरोबरच आहे, असं त्यानं मनाला बजावलं. गेला महिनाभर तो हेच बजावत होता.

चंद्रशेखरमामा आला तो झेंडूच्या दोन माळा घेऊन. "काय भाऊजी, ठरलं का इंजिन?" असं नेहमीप्रमाणे विचारून तो नेहमीप्रमाणे मोठ्यानं हसला. मग बहिणीचा चेहरा बघून त्याचं हसू आपोआप विरलं. मालिनीबाई पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या. मागे स्वानंदी नारळ घेऊन उभी होती आणि यशोधनला डोळ्यांनी काहीतरी सांगू पाहत होती. त्याला ते कळेना.

त्र्यंबकरावांनी स्टिअरिंगला माळ घातली, चारी चाकांना हळदकुंकू लावलं, आणि बॉनेट उघडून दांडी लावली.

"आता इथे," ते बायकोला म्हणाले.

आत एवढी मोठी पोकळी. कडेला सुटलेल्या वायरी बांधून ठेवलेल्या, खाली स्वच्छ पुसलेली गराजची फरशी दिसत होती.

"इथे कुठे लावू?" मालिनीबाईंनी विचारलं.

"इंजिनाला लावतो ना आपण दर वर्षी, तिथे."

"इंजिन कुठाय?"

"आई," यशोधन घाईघाईनं म्हणाला, "सिम्बॉलिकली लाव ना. कडेला कुठेतरी."

"मी तुला विचारत नाहीये." मालिनीबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. "यांना मी आज खरं सांगणार आहे. अहो, इंजिन बिघडलेलंच नाही. चंद्रशेखरच्या गराजमध्ये ते चादर पांघरून बसलंय. तुम्ही गाडी चालवू नये म्हणून या पोरानं उतरवलं आणि मी हो म्हटलं. चुकले मी. आणि आता हा घर विकायला निघालाय. उद्या सकाळी बाई येतेय घर बघायला. फ्रिस्कोला आपल्यासाठी खोली रंगवून तयार आहे."

"ताई, मी फक्त ठेवायला जागा दिली हं," चंद्रशेखर चटकन म्हणाला. "घर विकायचं मला कुणी काही सांगितलं नाही. यशोधन, हे काय रे? हे तर आपलं बोलणं नव्हतं झालं."

"मामा, प्लीज! तूच म्हणाला होतास ना, हे दोघं इथे एकटे किती दिवस काढणार?"

"म्हटलं असेल. बोलण्याच्या ओघात माणूस शंभर गोष्टी म्हणतो."

"यश, तू मला सांगितलंस आई हो म्हणाल्यात," स्वानंदी म्हणाली. "माझ्याशी पण खोटं?"

यशोधननं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. सकाळपर्यंत हे तिघे त्याच्या बाजूचे होते. आता तो वडिलांकडे बघायचं टाळत होता. वडील ओरडतील, हातातलं काही फेकतील, याची त्यानं तयारी ठेवली होती. त्र्यंबकराव मात्र खुर्चीत बसले आणि चष्मा काढून कुर्त्याला पुसू लागले.

"इंजिनाचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "बाईचं नव्हतं."

"माहीत होतं?" मालिनीबाईंना खरंच वाटेना.

"जुलैत चंद्रशेखरच्या गाडीतून त्याच्याकडे शिडी आणायला गेलो होतो ना. कोपऱ्यात आपली सोलापुरी चादर दिसली. आपली चादर याच्या घरी कशी, म्हणून उचलली."

"भाऊजी, तुम्ही एका अक्षरानं बोलला नाहीत!"

"तू तरी कुठे बोललास?"

आता यशोधनचा बांध फुटला. जुलैपासून हा माणूस आपल्याला खेळवत होता! "ओके. फाइन! तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मग प्रश्नच मिटला. शनिवारी मी माणूस लावून इंजिन बसवून देतो. चालवा तुम्ही. टपालपेट्या पाडा, गराज पाडा. काही झालं तर डोन्ट कॉल मी."

"शनिवारी कशाला? उद्याच बसव," मालिनीबाई कडाडल्या. "त्या बाईला ये म्हणून सांगितलंस ना, तिच्या जागी तो माणूस येऊ दे. हे चालवतील आणि मी शेजारी बसेन. मेले तर माझ्या घरात मरेन."

"आई, असं नका ना बोलू," स्वानंदी म्हणाली.

"डन," यशोधन म्हणाला. "उद्या. आहे तेच २८३."

"घाई काय आहे एवढी?" त्र्यंबकराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे, एवढं थांबलोच आहोत तर नीट विचार करू," ते गाडीकडे बघत म्हणाले. "३२७चं अजून पूर्ण बघितलेलं नाही मी. आणि ३९६ला रेडिएटर लागतो खरा, पण..."

"बाबा, आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही ते दोन्ही रिजेक्ट केलं!"

"यशोधन, थांब," मालिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी ताट बॉनेटच्या कडेवर ठेवलं. नवऱ्याला त्या इतकी वर्षं ओळखत होत्या. हा माणूस दुकानात शिरून दहा मिनिटांत बूट घेऊन बाहेर पडणारा. त्याला पाच महिने इंजिन ठरवता येत नाही? हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही? आपण याला फसवतोय, याच नादात आपण राहिलो. त्या खुर्चीसमोर खाली बसल्या, अगदी फरशीवर, नवी साडी नेसून.

"अहो, काय झालंय?"

त्र्यंबकरावांनी पुसलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"गराजचं दार पाडल्यानंतरची गोष्ट. लायब्ररीतून निघालो होतो," ते शेवटी म्हणाले. "मे महिन्यात. पार्किंगमध्ये एक बाई समोरून चालली होती, बाबागाडी घेऊन. मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं दाबला. पाय तिथे नव्हताच, मालिनी. गाडी उसळली, फुटपाथवर चढली आणि झुडपात जाऊन थांबली. त्या बाबागाडीपासून एवढ्यावर." त्यांनी दोन्ही हात पुढे करून अंतर दाखवलं. "ती बाई धावत आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तर मलाच विचारते, सर, आर यू ओके? मला विचारत होती ती! मी गाडी मागे घेतली आणि कसाबसा घरी आलो."

"तुम्ही मला सांगितलंत, वाटेत गाडी बंद पडली म्हणून उशीर झाला," मालिनीबाई म्हणाल्या.

"मग काय सांगणार होतो? दोनच दिवसांनी हा आला आणि म्हणाला, बाबा, धूर येतोय. मला वाटलं, देवच धावला. इंजिन उतरवताना मी आतून खिडकीत उभा होतो. सुटलो, असं वाटलं मला. मग हा दर रविवारी विचारायचा, कुठलं बसवू. मी दर रविवारी नवीन शंका काढायचो. एकदा ठरलं असतं तर बसलं असतं ना! मला भीती वाटते आता. खरं सांगतो, फार भीती वाटते."

यशोधन बादलीवर खाली बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "बाबा, यू कुड हॅव टोल्ड मी. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

यशोधन काय करणार होता ते उद्या सकाळी दहा वाजता दारात येऊन उभं राहणार होतं.

"भाऊजी, आता मात्र खरंच विचार करायला हवा," चंद्रशेखर घसा खाकरून म्हणाला. वारं फिरलं की मामाही फिरायचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. "तुम्ही गाडी चालवणार नाही म्हणता. मी शनिवारी येतो ते ठीक आहे, पण दवाखाना, औषधं, हे सगळं... इथे गाडीशिवाय कसं जमायचं? फ्रिस्को काही वाईट नाही. आपली माणसं भरपूर आहेत तिकडे."

"तसंच म्हणतोय मी," यशोधन म्हणाला. पण मघासारखा जोर त्याच्या आवाजात नव्हता. "आई, मला तुला हर्ट नाही करायचं. पण तूच सांग, दुसरा ऑप्शन आहे का?"

त्र्यंबकराव बायकोकडे बघत होते. आता ही हो म्हणणार, आणि तिचा तरी काय दोष, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मालिनीबाईंना ते बघवेना. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. स्वानंदीनं हात दिला, तो घट्ट धरून ठेवला.

"आहे ना ऑप्शन. मी शिकेन."

"व्हॉट?"

"गाडी चालवायला शिकेन. बासष्ट वर्षांची आहे, डोळे शाबूत आहेत. कांचन माझ्याहून मोठी आहे, ती रोज हायवेवर जाते."

"आई, तू कधी स्टिअरिंगलासुद्धा हात लावला नाहीयेस! आणि ही एवढी लांबरुंद गाडी? इट्स अ बोट!"

"हीच नको शिकायला. छोटी भाड्यानं घेऊ. पण नंतर ही चालवेन."

"मी सोबत येते पाहिजे तर," स्वानंदी म्हणाली. "दोन आठवडे मी इथून काम करू शकते. यश, तू जा परत. आणि त्या बाईंना फोन कर, आत्ता, माझ्यासमोर."

यशोधननं खिशातून फोन काढला, बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बाहेर ड्राइव्ह-वेवर जाऊन उभा राहिला. बोलणं मिनिटभरात आटोपलं. परत आला तेव्हा त्यानं हताशपणे विचारलं, "मग आई, इंजिन कुठलं बसवायचं?"

"यांना विचारतोस तसं मला विचारू नकोस. आहे ते बसव."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. लग्न होऊन शिकागोला आल्या त्या हिवाळ्यात त्यांनी एकदा हेच विचारलं होतं. ‘मी आहे ना,’ असं म्हणून त्र्यंबकरावांनी तेव्हा विषय मिटवला होता. त्यानंतर विचारायची वेळ आली नव्हती, किंवा त्यांनीच येऊ दिली नव्हती.

"अहो, शिकवाल मला?"

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. "मालिनी, ज्याला ब्रेक सापडला नाही, तो तुला ब्रेक काय शिकवणार?"

"ब्रेक नका शिकवू. शेजारी बसून अडतीस वर्षं तो मीच दाबत आलेय. तुम्ही नुसतं ॲक्सिलरेटरचं शिकवा."